सावडीचा बैल

आमच्या बापूंना काम सुरू करायची भारी हौस होती. संपवायची नव्हती. अंगणातली बाज अर्धी विणलेली, पुढं नुसतं भोक. सोमवारचा उपास भाकरीच्या वासानं दुपारीच सुटायचा. पहिल्या बाळंतपणाला मी झरी-परभणी रस्त्यालगतच्या माहेरी आले, तर नातवाच्या पाळण्याची लाकडं तासून भिंतीला टेकवलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात यायची. "त्यायला कंटाळा आलाय," माय बापूंबद्दल सांगायची, जसा काही घरी पाहुणाच आलाय.

निजामाच्या राजवटीतले ते दिवस. आमच्याकडं एकच बैल, शेजारच्या मावशीकडंही एकच. तिचा नवरा वारलेला, लेकरं लहान. म्हणून दोन्ही घरांनी सावड केली होती. दोघांचे बैल एका जुवाखाली जुंपायचे, पेरणीची तिफण बापूंनी हाकायची, मागून मावशीनं नि मायनं बी सोडायचं. आधी आमचं रान, मग मावशीचं. रानात ओल आहे तोवरच ज्वारी पेरायची. ओल उडाली की मावशीच्या लेकरांची वर्षाची भाकरी गेली.

आमचं रान पेरून झालं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बापूंनी पटका बांधला.

"सेलूला जाऊन कपाशीचा भाव बघून येतो. बैल बी लय दमलाय."

आमच्या कपाशीचं एक बोंड अजून फुटलं नव्हतं! भाव कशाचा बघणार होते?

"आन् मावशीचं रान?" मी विचारलं.

"बघू की. ते कुठं पळून जायलंय?"

असा संताप आला मला! रान पळत नाही, ओल पळते, हे जन्मभर शेती केलेल्या माणसाला मी सांगायचं? आपलं पोट भरलं की दुसऱ्याला वाढायच्या आत हात धुवायचे, ही कुठली रीत? माझे दिवस भरत आले होते, उठता-बसता धाप लागायची. नाहीतर मीच बैल सोडून नेला असता.

मायनं नेला. बापू वळणाआड गेले नि तिनं दावं हातात घेतलं.

"माय, बाईमाणूस तिफण हाकत न्हाई. गाव तोंडात शेण घालंल." आता मीच कचरले.

"घालू दे. मावशीला मी बी शब्द दिलाय."

आमच्या उंबऱ्यातून मावशीचं रान दिसायचं. माय तिफण दाबायची, मावशी मागून बी सोडायची. बैल मायला जुमानत नव्हते, पेरणीची तासं नागमोडी जात होती. रस्त्यानं जाणारे बाप्ये थांबून हसत होते. एकानंही पुढं होऊन कासरा धरला नाही. हसायला मात्र मेल्यांना वेळ होता.

दिवस कलल्यावर बापू परतले. सेलूला पोचलेच नव्हते. परभणीच्या ठेसनात गाडीची वाट बघायचाही कंटाळा आला म्हणून माघारी आलेले! रस्त्यावरून त्यांना तिफणीमागं स्वतःची बायको दिसली, नि हसणारे लोकही दिसले. बापूंनी धावत जाऊन तिच्या हातातला कासरा ओढून घेतला आणि राहिलेली पट्टी पेरली.

आणि गाव काय म्हणालं? "गड्यानं सावड मोडली न्हाई. सेलूची वाट सोडून माघारी आला." बापू पारावर बसून हे ऐकत होते नि मान डोलावत होते. मायचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

ज्वारी वर आली तेव्हा मी लेकराला घेऊन बघायला गेले. जवळजवळ सगळ्या रानात वाकडी तासं, कडेच्या एका पट्टीतच काय ती सरळ. कुणी किती पेरलं ते आंधळ्यालाही कळलं असतं. तरी लोक वाकड्या तासांना हसायचे आणि पाठ बापूंची थोपटायचे. बापू तेवढे त्या बांधावरून जाताना खाली बघून चालायचे.

पुढच्या वर्षीच्या पेरणीला मी पुन्हा माहेरी आले होते. बापूंनी आधी मावशीचं रान धरलं, शेवटच्या तासापर्यंत पेरलं, मगच आपल्या रानात तिफण नेली. पुन्हा वाहवा झाली. माय दोन्ही रानांत त्यांच्या मागं बी सोडत चालली, तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाकरी थापत बसलेल्या मायला म्हणाले, "तुला राग कसा येत न्हाई गं?"

"येतो की. लय येतो." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "त्यायला कंटाळा आला की ते काम टाकून उठायचे. मला राग आला म्हणून मी बी उठू का?"