रक्त खाली बसेपर्यंत

रक्त तपासणाऱ्याकडं किस्से कसे साठतात सांगू? डॉक्टरसमोर पेशंट पाच मिनिटं बसतो, आमच्यासमोर तासभर! आणि तासभर बसलेला माणूस आमच्या भागात गप्प बसत नाही. मराठी संपली की कन्नड, कन्नड संपली की दखनी!

आळंदच्या बाजारपेठेमागं डॉक्टर शिवराजांचा खासगी दवाखाना होता. लिंगायत घरातले. अख्खं गाव त्यांना ‘अप्पा’ म्हणायचं, म्हणून आम्हीही. मी तिथं लॅबमध्ये. गोष्ट ऐंशीच्या आगंमागंची. कॅन्सरचे पेशंट ऑपरेशनला नाहीतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला मुंबई-सोलापूरला जायचे आणि परत आले की आमच्याकडं रक्त द्यायचे. तपासण्या साध्याच. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि ईएसआर. ईएसआर म्हणजे रक्त बारीक नळीत उभं ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात ते बघायचं. आत आजार खवळलेला असला की त्या भरभर खाली जातात. तेवढ्यावरनं अप्पा अंदाज बांधायचे, पेशंट सावरायलाय की घसरायलाय.

*

करजगीच्या एका म्हातारबांची नळी स्टँडला लावून मी चहाला गेले. येऊन बघते तर अख्खं स्टँडच टेबलावर झोपलेलं! शेजारी त्यांची बायको, पदरानं वारा घालत.

“मावशी, हे काय केलंत?”

“अगं अक्का, कवापासनं उभं हाय बिचारं. जरा आडवं केलं!”

झालं, परत सुई टोचायची वेळ आली. म्हातारबांनी हात मागं घेतला आणि बायकोकडं बोट केलं. “आता तिचं घ्या!”

*

रेवणप्पा तुरीचे आडत्ये. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. मूठभर तूर हातावर घोळवून ते अख्ख्या राशीचा भाव सांगायचे, आणि तो सहसा चुकायचा नाही. एकदा अप्पांच्या समोर बसून म्हणाले, “अप्पा, मी मूठभर तुरीवर रास ओळखतो. तुम्ही एवढं रगत घ्यायलाव, मग कामून सांगत न्हाई माझे किती दिवस राहिलेत?”

अप्पा म्हणाले, “रेवणप्पा, तुमची तूर कापून, वाळवून आलेली असती. माणूस अजून शेतात उभा हाय!”

रेवणप्पा हसले. पण ऐकल्याशिवाय उठेनात. मग अप्पांनी खुर्ची जवळ ओढली आणि कन्नडमध्ये हळू आवाजात खरं ते सांगितलं. रक्त दर खेपेला उतरतंय. दिवाळी दिसली तरी पुष्कळ.

दिवाळी झाली. संक्रांतही झाली. नव्या तुरीच्या राशी लागल्या आणि मी बाजारातनं जाताना बघते तर रेवणप्पा शाल गुंडाळून आडतीवर बसलेले! हाताची काडी झालेली, पण मुठीत तूर. मला बघून लांबूनच ओरडले, “अक्का, तुमचा भाव चुकला!”

राशी उरकल्या आणि मगच ते गेले. अप्पा तो किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

*

सुमन आळंदच्या शाळेत शिक्षिका. गळ्याच्या गाठींचा कॅन्सर. वय लग्नाचं. तिची पहिली नळी लावली तेव्हा लाल रंग इतका खाली गेला, की मी तिच्याकडं पाठ करून उभी राहिले. ती मागनं म्हणाली, “अक्का, नापास का?”

मुंबईला शेक घेऊन आल्यावर तिचे वडील दर महिन्याला तिला घेऊन यायचे. एकदा आल्या आल्या म्हणाले, “रात्री किलोभर बीट खाऊ घातलंय, आता बघा रगत!”

अप्पांनी कपाळाला हात लावला. “मास्तरीणबाईंचे वडील तुम्ही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास?”

पण नळी दर खेपेला जरा जरा बरं बोलायला लागली. आणि एक दिवस तासाभरानं बघितलं, तर रक्त जागचं जेमतेम हललेलं! मी अप्पांना हाका मारल्या. त्यांनी नळी उजेडात धरून दोनदा बघितली आणि जिलेबी मागवली.

वडील डोळे पुसत म्हणाले, “मग आता बीट?”

“आता तुम्ही खा!”

*

पुढं काही वर्षांनी सुमनच्याच शाळेतल्या एका मास्तरनं तिला मागणी घातली. तिनं त्याला आजाराचं आधीच सगळं सांगितलं होतं. त्यानं ते आईला सांगितलं, आणि आई औरादकडच्या चिंताकीहून थेट दवाखान्यात हजर! सुमन त्या दिवशी तपासणीला आलेली, बाकावरच बसलेली. बाईंनी तिच्यासमोरच अप्पांना विचारलं.

“आम्ही बौद्ध झालो तवाच पत्रिका सोडल्या. म्हणून हिचं रगत बघायला आले. खरं सांगा, गाठ परत यील का?”

अप्पा म्हणाले, “एकाचा रिपोर्ट मी दुसऱ्याला सांगत न्हाई.”

सुमन उभी राहिली. “सांगा अप्पा, माझी हरकत न्हाई. पण आधी त्यांचंबी रक्त घ्या. त्यांचं मला सांगायचं.”

बाई माघार घेणाऱ्यातल्या नव्हत्या. बाही सारून हात पुढं केला. “घ्या!”

दोघींच्या नळ्या एकाच स्टँडवर शेजारी शेजारी लावल्या. दोघी समोर बसल्या. तासभर कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या दवाखान्यात हे पहिल्यांदाच घडलं!

तासानंतर अप्पांनी आधी सुमनचा रिपोर्ट वाचला. “गाठ परत येणारच न्हाई असं मी बोलू शकत न्हाई. कुणीच बोलू शकत न्हाई. पण आजचं रक्त माझ्यापेक्षा चांगलं हाय.” मग बाईंचा. हिमोग्लोबिन कमी. ईएसआर सुमनच्या तिप्पट. गुडघे सुजलेले होते, त्याचा असणार.

बाईंचा चेहरा उतरला. पदर चाचपत त्या सुमनकडं बघायला लागल्या.

सुमननं रिपोर्ट हातात घेतला, वरपासनं खालपर्यंत वाचला आणि म्हणाली,

“असू द्या. मला पसंत हाय!”