एका हातानं पडलेले सरपंच

"खुर्ची गावाची, बूड तेवढं माझं," असं म्हणत ते उपरण्यानं खुर्ची झटकायचे आणि मग बसायचे. मुळशीतल्या आमच्या लहानशा गावचे ते सरपंच, मी ग्रामपंचायतीचा शिपाई. पंचायती नव्या होत्या तेव्हाची ही गोष्ट.

माणूस तापट. दवंडीला उशीर झाला की चारचौघांत झापायचे, "पाय तुझंच हायेत का भाड्यानं आणलेत?" पण दुपारी अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं करायचे. माझा त्यांच्यावर जीव होता. तिथंच मी चुकलो.

निवडणूक झाली. सदस्यांनी चावडीत हात वर केले आणि आमचे सरपंच एका हातानं पडले. खालच्या आळीची पार्टी आली. नव्या सरपंचाशी आमच्या सरपंचांचं शेताच्या बांधावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. आमच्या वरच्या आळीची पोरं काठ्या परजायला लागली. जुन्या सरपंचांचा पुतण्या मला म्हणाला, "शिक्का दडव. शिक्क्याबिगर कसला सरपंच?"

मी गाढव. शिक्का फडक्यात बांधला आणि घरी तांदळाच्या कणगीत खुपसला.

चार्ज द्यायच्या दिवशी सकाळीच सरपंच माझ्या दारात.

"पेटीत शिक्का न्हाई. कुटं हाय?"

"मला न्हाई म्हाईत, अण्णा."

आमची कारभारीण आतून आली. हाताला तांदळाचा कोंडा. शिक्का त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "खोटं बोलत्यात हे. कालच हाताला लागला माझ्या."

"पोरी, शिपाई तुला करायला पायजे हुतं," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "पडलो त्याची लाज न्हाई मला. तू मला चोर करत हुतास. पेटी उचल."

चावडीपुढं दोन्ही आळ्या काठ्या घेऊन जमलेल्या. पुतण्या आडवा आला. "काका, असं देऊ नका."

"हात मोजले तवा तू हितंच हुतास ना? मग सरक."

तो सरकला. मान खाली घालूनच मी पेटी घेऊन त्यांच्या मागं गेलो.

आत त्यांनी दप्तर दिलं, किल्ल्या दिल्या. शिक्का देताना सात वर्षांनी त्या माणसाशी पहिलं बोलले, "डाव्या अंगाला दाबून मारा, न्हाईतर अर्धाच उमटतोय."

नव्या सरपंचानं कोऱ्या कागदावर मारून दाखवला. "असा?"

"व्हय. असा."

मग ते सदस्यांत सतरंजीवर जाऊन बसले आणि लगेच हात वर केला. "सरपंच, वरच्या आळीच्या विहिरीला कठडा कवा बांधताय?"

"तुमी हुतात तवा का न्हाई बांधला?"

"तवा तुमीच आडवे आलतात."

सगळी चावडी हसली. बाहेरच्या काठ्या कधी पांगल्या, कळलंही नाही.

ते जाऊन कैक वर्षं झाली. कारभारीण गेल्या साली गेली. तिच्याइतकं खरं मला तोंडावर कोणी बोलत नाही आता. त्या दिवसाचं मी कोणालाही सांगतो, असा सरपंच आमच्या गावानं पाहिलाय.

तो विहिरीचा कठडा पुढं दोन वर्षं मागून मागून बांधून घेतला होता त्यांनी. झाला त्या दिवशी एकेक दगड हातानं ढकलून बघत होते. पाणी भरता भरता कारभारीण म्हणाली, "अण्णा, आता काय ऱ्हायलं?"

"एखादा हालणारा गावला तर बरं," ते म्हणाले. "सोमवारी मीटिंग हाय."