वालूरचा नाताळ आणि पप्पांची बांधलेली पेटी

मम्मी गेली त्या वर्षीच्या डिसेंबरात मी पुण्याहून वालूरला निघाले, ती पप्पांना कायमचं घेऊन यायचं ठरवूनच. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मराठवाड्यात एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. यजमान म्हणाले, "नाताळ होऊ दे, मग जा." पण पप्पा त्या घरात एकटे नाताळ काढताहेत हे मला सोसवेना.

आता परभणीकडे थेट गाडी मिळते; तेव्हा मनमाडला उतरून छोट्या लाइनच्या गाडीत बसावं लागे. या दिवसांत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, तिकडची पहाट बोचरी असते. सेलूला उतरले. स्टँडवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा मिळाल्या, मीठ लावलेल्या, गरम. त्या या मोसमात चुकवू नका. वालूरची गाडी मात्र लागेना.

"कधी येईल हो?" मी कंट्रोलरला विचारलं.

"आली म्हंजे आली, माय. काल तर सुटलीच न्हाई."

दोन तासांनी सुटली.

पप्पा शाळेतून निवृत्त झालेले; गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. त्यांची समजूत कशी घालायची याची मी गाडीत उजळणी केली होती. ती वायाच गेली. दाराशी दोरीने आवळून बांधलेली पेटी होती.

"कधी निघायचं?" पप्पांनी विचारलं.

मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

घरात मृत्यू झालेल्या वर्षी आमच्यात नाताळचा तारा लावत नाहीत, फराळ करत नाहीत. एरवी मम्मी बांबूच्या काड्यांना पतंगाचा कागद डकवून तारा करायची. कोपऱ्यात कडब्याचा गोठा उभा राहायचा, त्यावर मानवतच्या कापसाचं बर्फ. ते बर्फ माझ्यामुळे आलं. सिस्टरांकडच्या भेटकार्डांवर पाहिलं होतं मी. मम्मीने जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं, तरी माझ्या सांगण्यावर तिने विश्वास ठेवला. बैल मात्र शेजारच्या कौसाबाईंचे, पोळ्याला केलेले मातीचे. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुलीची नक्षी. बेथलेहेमात असे बैल कुठले, म्हणून कॉन्व्हेंटच्या वयात मी फार लाजायची.

चोवीस तारखेला दुपारी कौसाबाई पदराखाली ती जोडी घेऊन आल्याच.

"यंदा गोठा नाही, कौसाबाई," पप्पा म्हणाले. "आम्ही निघालो."

"मग मह्या बैलांनी कुठं जावं, गुरुजी? पोळ्यानंतर वळचणीला न टाकता चार म्हैने सांभाळलेत." मग माझ्याकडे वळून, "तू काहून बघायलीस नुसती? कडबा आण की."

तारा लावायचा नाही, फराळ करायचा नाही. गोठ्याबद्दल कुणी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. मी कडबा आणला. पप्पा आधी खुर्चीतून पाहत राहिले. कौसाबाईंनी पेंढी उलटी लावली.

"अहो, बुडखा खाली!"

"तुमी शाळा शिकवा, कडबा आमाला ठावं हाय."

पप्पा उठले, पेंढी सोडली आणि जमिनीवर मांडी घालून बसले. मम्मी गेल्यापासून ते खाली बसलेले मी पाहिले नव्हते. बुडख्यावरून दोघांचं बराच वेळ चाललं. बाळ येशूला गव्हाणीत ठेवताना मात्र पप्पांचा हात थांबला. ते काम मम्मीचं. मी पुढे होणार होते, पण त्यांनी स्वतःच ठेवलं.

नाताळच्या सकाळी प्रार्थना झाली आणि दारात वत्सलाबाई आल्या. बौद्ध वस्तीतल्या, मम्मीच्या हाताखाली लिहायवाचायला शिकलेल्या. ताटात करंज्या होत्या. "तुमच्यात यंदा करीत न्हाईत म्हणून आणल्या." मागोमाग कौसाबाई शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन. नामांतरावरून गाव दुभंगलं तेव्हापासून या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मम्मी दोन्ही घरी ताट पोचवायची, तेवढाच धागा. आता ओट्यावर दोघी समोरासमोर.

"सरक जरा," शेवटी कौसाबाई म्हणाल्या. वत्सलाबाई सरकल्या. पप्पांनी मध्ये बसून दोन्ही ताटांतलं खाल्लं.

मी आत गेले. पेटीची दोरी सोडली आणि सदरे एकेक करून खुंटीला लावले. पप्पा कधी दारात येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"दाढीचं सामान तळाशी आहे," ते म्हणाले. "तेही काढ."

पुण्याला एकटी उतरले. "नाही आले?" यजमानांनी विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. पण ते यायला तयार होते. मीच त्यांना आणलं नाही.

त्यानंतर पप्पांनी आणखी तीन नाताळ तिथेच केले. शेवटच्या आजारात एसटी बंद होती. मी पोचले तेव्हा पप्पा गेले होते, ओटा बायांनी भरला होता. पप्पांना शेवटचं पाणी वत्सलाबाईंनी पाजलं. ते माझ्या हातचं असायला हवं होतं, हे दुःख अजून जात नाही. पण वत्सलाबाईंनी सांगितलं, की पाणी प्यायल्यावर पप्पांनी त्यांना नावाने हाक मारून विचारलं होतं, "तू जेवलीस का?"