माझ्या फोनची परीक्षा

विश्रांतवाडीच्या नव्या इमारतीत मी झाडलोट करायचे. तिथे एक मुलगी पाइपांचे फोटो काढायची. आधी पाइपवर टिचकी, मग फोटो. पाण्याचा पाइप कुठला, सांडपाण्याचा कुठला, हे ती फोनला शिकवत होती.

एकदा म्हणाली, "मावशी, तुमचा फोन देता?"

"अगं, काच फुटलीय. फार हळू चालतो."

"म्हणूनच हवाय. भारी फोनवर सगळंच चालतं. हे प्लंबरच्या साध्या फोनवर चाललं पाहिजे."

तिचे साहेब हसले. "यावर? फोटो निघाला तरी पुष्कळ!"

तिने माझ्या फोनमध्ये आपलं ॲप टाकलं आणि फोन छताखालच्या एका पाइपकडे धरला. पडद्यावर मराठीत उमटलं. मी पुटपुटत वाचलं, "सांडपाणी."

"बरोबर! मोठ्याने वाचा मावशी, साहेबांना ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. ओढणीने फोन पुसून तिने परत दिला. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मुलगा नवा फोन घे म्हणतो. मी म्हणते, हा परीक्षा पास झालेला आहे.