बिनखिडकीची खोली

समुद्रापुढे माणूस नम्र होतो, असं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज भेटणारे एक गृहस्थ सांगतात. ते स्वतः कुणापुढेच होत नाहीत.

आम्ही क्रूझला निघालोय कळताच त्यांनी काठी आपटली. "बाल्कनी नको. मधली, खालची, बिनखिडकीची खोली घ्या. बोट हलत नाही."

"पण मला अंथरुणातून समुद्र बघायचाय," बायको म्हणाली.

"उलट्या करत बघणार का, वहिनी?"

आठवडाभर रोज तेच ऐकून मी कंटाळून त्यांचं ऐकलं. तीन दिवस बायको सकाळचा चहा भिंतीकडे बघत प्यायली.

परतल्यावर त्यांनी विचारलं, "हलली का बोट?"

"नाही."

"मग!" पुन्हा काठी.

गेल्या महिन्यात ते स्वतः क्रूझला जाऊन आले. त्यांनी पाठवलेल्या फोटोत ते बाल्कनीत बसून चहा पितायत.