अस्सल सागाचं कपाट

आरसेकाकांचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात बघून माणसाने खुशाल भांग पाडावा, म्हणून कोणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा आणि तो लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. आज एक हात, उद्या दुसरा, परवा तिसरा. घाईच्या गिऱ्हाइकाला ते दारातूनच वाटेला लावत. आणि जुन्या लाकडाला रंग लावून द्या म्हणणाऱ्याला तर बसा असंही म्हणत नसत. रंग भिंतीला लावतात, लाकडाला नाही, एवढं ऐकवून कामाला लागत.

त्यांच्या बायकोने मात्र तीन वर्षांपूर्वी घरातलं एक खिळखिळं स्टूल उरल्यासुरल्या पिवळ्या रंगाने रंगवलं आणि वाळायला म्हणून दुकानाच्या पायरीवर ठेवलं. संध्याकाळपर्यंत चार बायका विचारून गेल्या. काकूंना आपण काही विशेष केलं असं वाटलं नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात दोन खुर्च्या आल्या, मग एक टीपॉय, मग लहान मुलाचा पलंग. बघता बघता दुकानाचे दोन भाग झाले. मध्ये एक जाड पडदा लागला, कारण काकूंच्या घासकामाची धूळ काकांच्या ओल्या पॉलिशवर बसायची. पडद्याच्या अलीकडे स्पिरिटचा वास, पलीकडे रंगाचा. वर्षभरात पलीकडे पाय ठेवायला जागा उरली नाही आणि अलीकडे काका एकच खुर्ची तीन-तीनदा पुसत बसू लागले.

त्यांना राग येत नव्हता. त्यांना कळत नव्हतं, एवढंच. लोक चांगलं जुनं लाकूड घेऊन यायचे आणि नवं दिसू दे म्हणायचे. काकू ते घासून, भेगा-खड्ड्यांत लुकण भरून, रंगाखालचं अस्तर देऊन दुधाळ निळ्या नाहीतर सायीच्या रंगात झकास नवं करायच्या. मग तेच लोक म्हणायचे की आता कडा जरा घासून द्या, म्हणजे जुनं वाटेल. काका पडद्याआडून हे ऐकायचे आणि हातातला बोळा थांबायचा. जुन्याचं नवं आणि नव्याचं पुन्हा जुनं करायचं, तर आणलं होतं तेच काय वाईट होतं? त्यांनी एकदा बायकोला तसं विचारलंही. ती म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय? पण छान दिसतं खरं."

काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हा मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अजून सगळा परिसर त्यांना मोठ्या बाईच म्हणे. बरोबर टेम्पोत दोन दारांचं उंच कपाट होतं. त्यांना ते काकूंकडून मोरपंखी रंगवून हवं होतं. काका कपाटाभोवती एक फेरी मारून आले. दारावर लाकडाच्या रेषा अशा सुरेख उतरल्या होत्या की त्यांना राहवेना. वरचं मळकट पॉलिश काढलं तर काय चीज निघेल, हे ते बाईंना सांगत सुटले. त्यांनी बोटाने दार ठोकून पाहिलं, कान लावला आणि निकाल दिला की हे अस्सल सागवान आहे, याला रंग लावणं म्हणजे पाप.

बाई म्हणाल्या की वडीलही हेच सांगायचे. वडिलांनी ते उभ्या हयातीत एकदाच, पहिल्या मोठ्या पगारात घेतलं होतं. अस्सल सागाचं म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. ते गेल्यावर कपाट कोणाकडे जायचं यावरून धाकट्या भावाशी वाजलं. कपाट बाईंकडे आलं आणि भावाने बोलणं सोडलं. त्याला अकरा वर्षं झाली. आता घरात ते समोर दिसलं की जीव नको नको होतो, म्हणून निदान रंग तरी बदलावा, असं त्यांच्या मनात आलं होतं.

काकांनी यातलं लाकडापुरतंच ऐकलं. त्यांनी बाईंचं मन वळवलं. पॉलिशच करा, आवडलं नाही तर बघू, असं म्हणून बाई जराशा नाखुशीनेच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका घासायला बसले. उजवा खांदा कधीपासून दुखत होता. पडद्यापलीकडे काकूंनी नवं घासायचं मशीन आणून ठेवलं होतं. काकांनी त्याला कधी हात लावला नव्हता, पण बघायला तरी काय हरकत आहे, असं म्हणून त्यांनी ते उचललं. डावं दार झकास निघालं. खांद्याला तोशीस नाही, वेळही निम्मा. उजव्या दारावर त्यांनी मशीन जरा दाबून धरलं, आणि मधोमध एक फिकट ठिपका दिसला. धूळ असेल म्हणून त्यांनी फुंकर मारली, ठिपका गेला नाही. आणखी दोनदा मशीन फिरवलं, तर ठिपक्याची बशी झाली. तिच्या कडेला कागदासारखा पातळ पापुद्रा सुटून आला होता. खाली पांढरट, भुसभुशीत, खोक्याच्या फळ्यांना वापरतात तसलं लाकूड होतं.

काका मशीन बंद करायचं विसरले. ते हातात घोंघावत राहिलं.

मग त्यांनी दार कडेने नीट बघितलं. कडेला अंगठ्याएवढी सागाची पट्टी ठोकून शिवण झाकली होती. पहिल्याच दिवशी वाकून बघितलं असतं तर शिकाऊ माणसालाही दिसलं असतं. अस्सल नव्हतंच ते, वरून सागाचा पापुद्रा चिकटवलेला. छत्तीस वर्षांत ज्यांनी बोटाच्या ठोक्यावर शेकड्याने लाकडं ओळखली, त्यांना हे ओळखता आलं नव्हतं. यंत्राने घात केला, की खांद्याने, की डोळ्यांनी? की लाकूडच खोटं होतं म्हणून आपलं काही चुकलंच नाही? एकेका उत्तरापाशी ते थोडा वेळ थांबत आणि मग त्यावरचा विश्वास उडून पुढच्यापाशी जात. सुटलेला पापुद्रा त्यांनी परत चिकटवून पाहिला. तो बोटालाच चिकटून आला.

काकू परतल्या तेव्हा कपाटावर चादर घातलेली होती. त्यांनी चादर उचलली, बशीएवढा डाग बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि आधी हातपाय धुऊन आल्या. मग म्हणाल्या की यात रडण्यासारखं काय आहे, लुकण भरू, अस्तराचे दोन हात देऊ, वरून मोरपंखी लावू. बाईंना रंगच हवा होता ना?

"पण मी त्यांना अस्सल साग म्हणून सांगितलंय," काका म्हणाले.

"मग तसंच राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पहिल्यांदाच पडद्यापलीकडच्या रंगाचा त्यांना आधार वाटला, आणि तसा वाटला म्हणून लाजही वाटली. दोन हातांत सगळं झाकलं जाणार होतं. बाईंना कधी कळणार नव्हतं. पण बाईंना काय सांगायचं? परवा रंग लावणं पाप म्हणालो, आज लावा म्हणतो, तर कारण विचारणारच. सांगावं तर छत्तीस वर्षांचं नाव जातं, न सांगावं तर स्वतःलाच तोंड दाखवता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. दोन दिवस ते जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्या हातात छत्री दिली आणि म्हणाल्या, "जाऊन एकदाचं काय ते सांगून या. मला रंग कालवायचाय."

बाईंच्या घरी काकांनी आडवळणाने सुरुवात केली. सागाचे प्रकार सांगितले, हवेचा परिणाम सांगितला, आणि रंगही तसा वाईट नसतो, असं म्हणून गेले. बाई शाळेत पोरांचं ऐकत तशा शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, काय झालंय ते सरळ सांगा."

मग त्यांनी सांगितलं. पापुद्रा, पट्टी, मशीन, ठोकून दिलेला निकाल, सगळं. चूक माझी आहे, असं म्हणायला आणि खुर्चीची कड घट्ट धरायला एकच गाठ पडली. बाई रागावतील अशी त्यांची तयारी होती. पण बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता मध्येच थांबल्या. त्यांचा चेहरा काकांना काही केल्या वाचता येईना.

"म्हणजे आम्ही अकरा वर्षं कशावरून भांडलो?" त्या म्हणाल्या.

बाईंनी आणखी विचारलं की वडिलांना हे माहीत असेल का. माहीत असून ते मिरवत असतील, की बिचारे फसले असतील? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तसं दार दुकानात उभं राहिल्यावर कोणालाही फसवतं, मलाही फसवलं. बाईंना त्याने बरं वाटलं की वाईट, कोण जाणे. भावाला सांगावं का, असंही त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "मला लाकडातलंच कळत नाही असं निघालंय, माणसांतलं काय सांगू?"

दोन दिवसांनी दुकानात एक टक्कल पडलेला उंच माणूस आला आणि कपाट कुठे आहे एवढंच म्हणाला. हा बाईंचा धाकटा भाऊ. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती म्हणे, दोन ओळींची. त्याने गुडघे टेकून तो डाग बघितला, नखाने खरवडला, पुन्हा बघितला. काकांना वाटलं आता हा भडकणार. पण तो फळीवर बसला आणि लहानपणीचं सांगू लागला. या कपाटाला ओला हात लावला म्हणून वडिलांनी त्याला एकदा जेवू दिलं नव्हतं. सांगताना तो चिडला होता की हळवा झाला होता, हे त्याचं त्यालाही कळत नसावं. तेवढ्यात बाईही आल्या. बहीणभाऊ अकरा वर्षांनी समोरासमोर आले आणि दोघंही कपाटाकडेच बघू लागले.

काकूंनी रंगांच्या पट्ट्या दोघांच्या मध्ये ठेवल्या. बाई मोरपंखी म्हणाल्या. भाऊ म्हणाला, मोरपंखी काय, बाबांना करडा आवडायचा. बाई म्हणाल्या, बाबांना करडा कधीच आवडला नाही, सदरे स्वस्त मिळायचे म्हणून ते घालायचे. तासभर हेच चाललं. काका बाजूला उभे होते. हे भांडण आहे की समेट, त्यांना ओळखता येईना. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, जे काय असेल ते असेल, पण दोघंही उठून गेली नाहीत.

शेवटी बाहेरून मोरपंखी आणि आतून करडा, असं ठरलं. डागाच्या जागी लुकण भरायचं काम काकांनी स्वतः मागून घेतलं. लुकण, घासणं, पुन्हा लुकण. या वेळी मशीन नाही, हाताने. मग अस्तर. ब्रश धरायची त्यांना सवय नव्हती, ओघळ यायचे. काकू मागून ओघळ टिपायच्या. वरचा हात वाळून कपाट उभं राहिलं तेव्हा ते छान दिसत होतं. काकांना ते आवडलं. आपल्याला ते आवडावं का, हे मात्र ठरेना.

न्यायच्या दिवशी टेम्पोवाल्याने कुठे टाकायचं विचारलं, तर बहीणभावाने एकाच वेळी दोन वेगळे पत्ते सांगितले. बाईंना ते भावाकडे जावं असं वाटत होतं, भावाला बाईंकडे. टेम्पोवाला काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. काका म्हणाले, जवळच्या पत्त्यावर टाक. जवळचा पत्ता बाईंचा निघाला. तीन-चार महिन्यांनी कळलं की आता ते भावाकडे आहे. त्याच्या नातीच्या वह्या त्यात असतात आणि बाई दर रविवारी तिचा अभ्यास घ्यायला जातात. मधल्या काळात काय घडलं, कोण आधी बोललं, हे काकांना कोणी सांगितलं नाही.

डोळे मात्र काकांनी तपासून घेतले. मोतीबिंदू धरायला लागलाय, पण अगदी जरासा, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्याने एवढी मोठी चूक व्हायला नको. म्हणजे दोष डोळ्यांचा होता की नव्हता, हे तिथेही कळलं नाही. ते पॉलिश अजून करतात, आलं तर. नाहीतर पडदा बाजूला सारून काकूंना लुकण भरून देतात. गिऱ्हाइकाने विचारलं की पॉलिश चांगलं की रंग, तर पूर्वी एका दमात उत्तर यायचं. आता ते आधी वाकून दाराची कड बघतात आणि तरीही बघू, एवढंच म्हणतात.

परवा काकूंनी त्यांना पांढरा रंग आणायला पाठवलं. सहा खुर्च्या होत्या, एका डब्याचं काम. दुकानदाराने समोर पट्ट्यांचं पुस्तक उघडलं. त्यात पांढऱ्याचीच चार पानं भरली होती. काकांनी एक पट्टी दुसरीशेजारी धरली, तिसरी पहिलीशेजारी धरली, चष्मा काढून पुसला. मागे रांग लागली. शेवटी त्यांनी घरी फोन लावला आणि यातला नेमका कुठला, असं विचारलं.

"तुम्हाला कुठला बरा वाटतोय?" काकूंनी विचारलं.

रंगाच्या बाबतीत त्यांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी पट्ट्यांचं पुस्तक उचललं.

"थांब," ते म्हणाले, "जरा बाहेर उजेडात नेऊन बघतो."