धुराड्याची झडप

नगरपालिकेतून कोर्नेलिया भट्टी बदलायच्या अनुदानाचा अर्ज भरून घ्यायला आली, तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न होता, घरात माणसं किती. ओतिलिया मुशोल "तीन" म्हणून गेली. खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, रुफिनने, मान वर केली. मग तिने सावरून घेतलं, "दोन. आम्ही दोघंच."

कोर्नेलियाने तीन खोडून दोन लिहिलं. सत्तरी उलटलेली बाई, होतं असं, एवढंच तिला वाटलं.

तिसरा होता गिंटर, रुफिनचा धाकटा भाऊ. खाणीत लागून त्याला चारच महिने झाले होते. एकोणऐंशी सालच्या जानेवारीत, रेल्वेचे रूळसुद्धा गोठले होते त्या थंडीत, तो स्वयंपाकघरात भट्टीशेजारच्या बाकावर झोपला आणि सकाळी उठला नाही. कोळशाचा वायू, ना रंग, ना वास. वरच्या खोलीत झोपलेली ओतिलिया आणि रुफिन तेवढी वाचली. धुराडं धूर नीट ओढत नव्हतं, असं चौकशीला आलेल्यांनी लिहिलं आणि ते निघून गेले.

पण ओतिलियाला ठाऊक होतं. झोपायला जाण्याआधी तिने धुराड्याची झडप अर्धी लोटली होती, घरातली ऊब उडून जाऊ नये म्हणून. तिच्या सासूनेच तिला ते शिकवलं होतं, गल्लीतल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघराची खिडकी हिवाळाभर चार बोटं उघडी राहू लागली. ओतिलिया शाल गुंडाळून तिच्यापाशी बटाटे सोलायची. मुशोलबाई रस्ता तापवतात, अशी शेजारणी थट्टा करायच्या. आणि पहाटे भट्टी पेटवताना बाक करकरायचा. ती घाबरत नसे. राखेची बादली घेऊन जाताना ती बाकापुढून जरा वळसा घालून जाई, कोणी पाय पसरून बसलं असावं तशी.

भट्टी बदलायची वेळ आली ती रुफिनच्या छातीमुळे. सगळा जन्म खाणीत घालवलेला माणूस. चार पावलं चालला की धाप लागायची. घरातला धूर बंद करा, डॉक्टरने बजावलं. विजेवर घर उबदार ठेवणाऱ्या हीट पंपासाठी सरकार अनुदान देत होतं, आणि कमी पेन्शनवाल्यांचा जवळजवळ सगळाच खर्च त्यात निघत होता. अटी मात्र पक्क्या होत्या. भिंतींना बाहेरून ऊब धरून ठेवणारा जाड थर चढवायचा. जुनी भट्टी फोडून भंगारात द्यायची आणि तिची पावती जोडायची. खिडक्या घट्ट बसल्या पाहिजेत.

"काकू, ही खिडकी मात्र बंद ठेवावी लागेल," कोर्नेलिया म्हणाली. "नाहीतर तो पंप बिचारा अंगणच तापवत बसेल."

ओतिलियाने कागद ताटांच्या कपाटात ठेवून दिले. दोन महिने सही केली नाही. एरवी साध्या मिठावरून मागे लागणारा रुफिन या बाबतीत चकार शब्द काढला नाही. शेवटी कोर्नेलियाचा फोन आला, शुक्रवार ही अखेरची तारीख आहे.

गुरुवारी सकाळी कॉफी पिताना ओतिलियाने सांगून टाकलं.

"झडप मी लोटली होती. गिंटर गेला त्या रात्री. अर्धी."

रुफिनने कप खाली ठेवला. बोलायच्या आधी त्याला श्वास गोळा करावा लागे.

"अर्धीच ना?"

"अर्धीच."

"उरलेली मी," तो म्हणाला. "तू वर गेली होतीस. तो कुडकुडत होता. म्हणाला, दादा, अजून जरा लोट की. मी पूर्ण लोटली. आणि सकाळी लोक यायच्या आत मीच उघडली."

तिला हायसं वाटलं नाही. आधी राग आला.

"मी पंचेचाळीस वर्षं त्या खिडकीत गारठत बसले. तू बघत होतास."

"मला वाटलं, तुला कळलंय," रुफिन म्हणाला. "तोंडाने बोलायचं नाही, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर खिडकी उघडी ठेवतेस."

कॉफी निवून गेली. मग ओतिलियाने कागद काढले, पेन शोधलं आणि दोघांनी सह्या केल्या.

सप्टेंबरात दोन माणसांनी घणाने भट्टी फोडली. काही ठेवायचंय का, त्यांनी विचारलं. झडपेची लोखंडी पट्टी खाली विटांत पडली होती. रुफिनने नकारार्थी मान हलवली, पट्टी भंगारात गेली. बाक द्यायला मात्र ओतिलिया तयार झाली नाही.

अंगणात पंप घुमू लागला. त्या हिवाळ्यात घरात राख नव्हती, दोरीवरचे कपडे काळवंडले नाहीत, आणि इतके दिवस बसूनच झोपणाऱ्या रुफिनला आडवं होऊन झोपता येऊ लागलं. तो फेब्रुवारीत गेला, आपल्या बिछान्यात, दुपारच्या झोपेत.

भट्टीबरोबर गिंटरही जाईल, असं ओतिलियाला वाटलं होतं. तो गेला नाही. पूर्वी ऊब एकाच कोपऱ्यात असायची, आणि तोही तिथेच असायचा. आता सगळं घर सारखंच उबदार झालं. कधी तो माडीवर असे, कधी रुफिनच्या रिकाम्या खुर्चीमागे.

नोव्हेंबरात सर्व संतांच्या दिवशी, सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावतात तेव्हा, ती दफनभूमीत गेली. दोघा भावांच्या कबरी शेजारी शेजारी. तिने पानं झाडली, शेवंती ठेवली, दिवे लावले आणि गिंटरला सगळं सांगितलं: माझी अर्धी, तुझ्या दादाची अर्धी, आणि तूच लोट म्हणाला होतास तेही. सांगताना आवाज चढला, तशी पलीकडच्या कबरीपाशी उभी असलेली बाई वळून बघू लागली.

ती घरी आली तेव्हा दिवस मावळत होता. जिन्याची तिसरी पायरी आपोआप वाजली. ओतिलियाने अंगातला कोट काढला, खुंटीला अडकवला आणि तिथेच थांबून विचारलं, "ऐकलंस ना?"

बाहेर पंप चालू होता. ती भिंतीला धरून हळूहळू वर गेली.